ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टरांनी परत परत का काढला?

तुमच्या वडिलांचं वय ५८, त्यांना शुगर आहे, पहाटे छाती आवळल्यासारखी झाली. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टरांनी सहा तास ठेवून घेतलं, आणखी दोन ईसीजी काढले, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) दोनदा केलं. सगळं नॉर्मल निघालं, आणि आता तुम्ही विचारताय की ही लूट नाही का? नाही. जे करायला हवं होतं तेच त्यांनी केलं. प्रश्न झोंबला, कारण नेमकं हेच केलं म्हणून मी बोलणी खाल्ली आहेत.

मी एमबीबीएस. आटपाडीकडच्या एका खासगी हॉस्पिटलात काही वर्षं रात्रपाळीची कॅज्युअल्टी बघायचे. थंडीच्या दिवसांत एका रात्री डाळिंबाचे एक बागायतदार आले, पन्नाशी उलटलेले, सोबत मुलगा. "दुखत नाय ओ मॅडम, नुसतं जड पडलंय. पित्तच हाय." सांगताना मूठ छातीच्या मधोमध दाबलेली, आणि त्या गारठ्यात बनियन घामानं चिंब. ॲस्पिरिन चावायला देऊन लगेच ईसीजी काढला. मशीननं वर छापलं: नॉर्मल. मीही एकेक लिड, म्हणजे हृदयाकडे एकेका बाजूनं बघणारी नोंद, निरखून पाहिली. एसटी, म्हणजे हार्ट अटॅकमध्ये वर उचलला जाणारा रेषेचा भाग, सगळीकडे बेसलाइनवर होता.

मुलानं त्याचा फोटो पुण्यातल्या दाजींना पाठवला. दाजींचं उत्तर आलं, नॉर्मल आहे, गॅसची गोळी देऊन घरी न्या. मी ऑन-कॉल फिजिशियनना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "मशीन काय म्हणतंय?" नॉर्मल म्हटल्यावर म्हणाले, "मग पित्ताची गोळी, पॅन्टोप्राझोल, द्या आणि सोडा. लोकांना उगाच अडकवून ठेवू नका."

मी सोडलं नाही. आमच्याकडे चेस्ट लिडला, म्हणजे छातीवर लावायच्या टोकांना, रबरी बल्ब होते. ते काढले की कातडीवर लाल वर्तुळं उठतात. ती मी पेनानं गिरवून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी लिड जागची हलायला नको. व्ही१ आणि व्ही२ चौथ्या फासळीखालच्या फटीत लागतात, एक फट वर सरकल्या तरी चित्र बदलतं आणि मग फरक हृदयाचा की हाताचा, कळत नाही. वीस मिनिटांनी दुसरा काढला. मशीनचं म्हणणं परत नॉर्मल. पण दोन्ही कागद एकाखाली एक धरले तेव्हा व्ही२, व्ही३ मधली टी लाट पहिल्यापेक्षा उंच आणि बुडाशी रुंद झालेली दिसली. नुसता दुसरा कागद कुणी दाखवला असता, तर मीही नॉर्मलच म्हटलं असतं. तिसऱ्यात व्ही१ ते व्ही४ एसटी वर उचललेला. आता मशीननंही हार्ट अटॅक छापला. सांगली-मिरज दोन तास लांब, म्हणून रक्ताची गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज तिथंच दिलं आणि मग ॲम्ब्युलन्स काढली. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी अरुंद झालेली सापडली, स्टेंट पडला. ते आजही बाग बघतात.

फिजिशियनसाहेब नंतर म्हणाले, "नशीब तुमचं." नशिबाचा यात काही संबंध नाही. बारा लिडचा ईसीजी म्हणजे दहाएक सेकंदांची नोंद. गुठळी रक्तवाहिनी बंद करते, थोडी उघडते, परत बंद करते. ते दहा सेकंद कुठले सापडतील ते सांगता येत नाही. म्हणून छातीत दुखणाऱ्याचा पहिला ईसीजी तो हॉस्पिटलात आल्यापासून १० मिनिटांत काढायचा, आणि त्यात काही दिसलं नाही पण त्रास चालूच असेल, तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायचा, असं मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. ट्रोपोनिनचंही तेच. साध्या किटवर ते वाढलेलं दिसायला तीन ते सहा तास जातात, म्हणून दोनदा. शुगरवाल्यांना तर दुखणं कमी जाणवतं, तिथं आणखी सावध राहावं लागतं.

माझं स्पष्ट मत आहे की मशीनवर छापून येणारं ते निदान बंद करून ठेवावं. ठोके किती, अंतरं किती हे मशीन चांगलं मोजतं, तेवढंच घ्यावं. त्याला घाम दिसत नाही, छातीवरची मूठ दिसत नाही. आणि जो डॉक्टर पेशंटला न बघता फोनवरून मशीनचं मत विचारतो, त्यानं कॅज्युअल्टीत बसलेल्याला शिकवू नये. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. पुढच्याच आठवड्यात व्यवस्थापनानं मला विचारलं, एका पेशंटचे तीन ईसीजी कशाला? दाजींसारख्यांनाही सांगते, व्हॉट्सॲपवरच्या वाकड्या फोटोत एक मिलिमीटरचा फरक कळत नाही, आणि इथं सगळा खेळ एक-दोन मिलिमीटरचा असतो.

आता हेही खरं, की प्रत्येकाला सहा तास ठेवायची गरज नसते. विशीतल्या पोराला फासळीवर बोट दाबलं की दुखतंय आणि बाकी काही नाही, तर बहुधा एका ईसीजीवर भागतं. उलट हृदयाच्या मागच्या बाजूचा अटॅक तिन्ही ईसीजींत नीट दिसत नाही असंही होतं. तेव्हा पाठीकडे व्ही७ ते व्ही९ लिड लावून बघावं लागतं. त्यामुळे वडिलांचे तिन्ही नॉर्मल आले म्हणून विषय संपला असंही समजू नका. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन करायची तपासणी) कधी करायची ते विचारून घ्या.

ते तिन्ही ईसीजी जपून ठेवा. पुढे कधी त्रास झाला तर जुना कागद शेजारी ठेवून बघणाऱ्याचं काम निम्मं होतं. थर्मल पेपर आहे, लॅमिनेट केलात तर काळा पडेल आणि प्लास्टिकच्या पाकिटात फिका. झेरॉक्स काढा, सरळ वरून स्वच्छ फोटो घ्या. दर जास्त लावला असेल तर बिलाच्या काउंटरवर जरूर भांडा. तिन्ही ईसीजी का काढले, यावर मात्र त्या डॉक्टरांशी भांडू नका.