विमा नसलेल्यांसाठी सरकारने रुग्णालये चालवावीत की त्यांचा विमा उतरवावा?

माझ्या मते मुंबईत सरकारी आणि पालिका रुग्णालयांना पर्याय नाही; विमा हा फार तर त्यांना जोड ठरू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडते, आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा किंवा रक्तदाबाच्या तपासणीचा खर्च नाक्यावरच्या कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला पदरमोड करूनच भागवावा लागतो. तोच रुग्ण केईएम, नायर किंवा शीवच्या रुग्णालयात अल्प शुल्कात केसपेपर काढून तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवू शकतो. पालिका रुग्णालयांतील उणिवा मी नाकारत नाही. सकाळपासून रांगेत उभे राहिल्यावर दुपारी हातात बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते, हे अन्यायकारक आहे. परंतु त्यावरचा उपाय औषधखरेदी वेळेवर करणे, रिक्त पदे भरणे आणि ‘आपला दवाखाना’प्रमाणे संध्याकाळीही वस्तीत उपचार देणे हा आहे. याखेरीज, धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील समाजसेवकांना अवश्य भेटावे.