डावा पाय, उजवा हात आणि किम शेलस्ट्रोम

प्रिय मनू,

परवा आरती झाल्यावर तू खिरापत घ्यायला डावा हात पुढे केलास आणि आजीने व्हिडिओ कॉलवरून लगेच टोकलं, "अगं, डाव्या हाताने प्रसाद घेऊ नये." मग पाहुणे गेल्यावर तू विचारलंस की बाबा, डावं वाईट असतं का, आणि वाईट असेल तर आपल्या त्या स्वीडिश फुटबॉलपटू किम शेलस्ट्रोमचा डावा पाय कसा चालतो सगळ्यांना? प्रश्न भारी आहे म्हणून सावकाश लिहितोय, तुझा मराठी वाचायचा सरावपण होईल.

आधी किमचं सांगतो. तो आपल्या गोथेनबर्गजवळच्या पार्टिलेत वाढला, हेक्केन क्लबकडून खेळायला लागला आणि मग स्टॉकहोमला युरगोर्देनमध्ये गेला. त्या क्लबने १९६६ नंतर लीग जिंकलीच नव्हती, किम असताना २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोनदा जिंकली आणि तेव्हा तो जेमतेम विशीतला पोरगा होता. पुढे फ्रान्समध्ये आधी रेन, मग लिऑनला सहा वर्षं, तिथे २००७ आणि २००८ ला चॅम्पियन. मग मॉस्को, झुरिक, आणि शेवटी परत युरगोर्देन. स्वीडनसाठी १३१ मॅचेस! मिडफिल्डरचं काम तसं नजरेत न भरणारं असतं गं, बॉल घ्यायचा, मान वर करून बघायचं आणि दुसऱ्याला बरोबर जागी द्यायचा, पण त्याचा तो लांबवरून वळत जाणारा डाव्या पायाचा पास मला गोलपेक्षा जास्त आवडतो, खरंच.

१६ ऑक्टोबर २०१२, बर्लिन, वर्ल्ड कपची क्वालिफायर. जर्मनी स्वीडनविरुद्ध ४-० ने पुढे, सगळं संपल्यातच जमा. किम हाफटाइमनंतर मैदानात आलेला. त्याने बॉल असा उचलून दिला की झ्लाटनने नुसतं हेडर मारायचं बाकी होतं, आणि पुढच्या दोनच मिनिटांत दुसरा पास लुस्टिगला, परत गोल. मग एल्मांडर, आणि इंज्युरी टाइममध्ये रास्मुस एल्मचा गोल, ४-४. जर्मनीत जाऊन जर्मनीशी!

आणि पेनल्टी. २००४ च्या युरोमध्ये नेदरलँड्सविरुद्ध शूटआउटला पहिली किक कोणी मारली तर किमने, एकवीस वर्षांचा होता, गोल केला, पण स्वीडन हरलं. जवळजवळ दहा वर्षांनी तो इंग्लंडच्या आर्सेनलला लोनवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी उसना, गेला, त्याआधीच मणक्याला दुखापत झालेली, लोक म्हणाले असा जखमी माणूस घेतला कशाला. तिथे सगळ्या मिळून फक्त चार मॅचेस खेळला. पण त्यातली एक म्हणजे वेम्ब्लीवरची एफए कपची सेमीफायनल, विगनविरुद्ध, शूटआउट, आणि दुसरी किक याची. डाव्या पायाने, गोल. आर्सेनलने पुढे तो कप जिंकला, नऊ वर्षांनी काहीतरी जिंकले होते ते.

आता आजीचं. आपल्याकडे उजव्या हाताने जेवायचं, द्यायचं-घ्यायचं, आणि डावा हात संडासनंतर पाण्याने धुवायला, अशी वाटणी फार पूर्वीपासून आहे. सगळे एकाच पंगतीत हाताने जेवणार म्हटल्यावर ती स्वच्छतेची सोय होती. देवाचं काहीही उजव्या हातात घ्यायचं ते त्यातूनच आलं असावं. तेवढ्याने डावं वाईट होत नाही. तीर्थ घेताना बघ, उजव्या हाताखाली डावा धरतो आपण. ताटात मीठ वर, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं सगळं डाव्या बाजूला वाढतात. आणि घरी बसवायची गणपतीची मूर्ती आपण बहुतेक डाव्या सोंडेचीच आणतो, उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, त्याचं सोवळंओवळं फार सांभाळावं लागतं असं मानतात. मुंबईचा सिद्धिविनायक तसा आहे, आणि अष्टविनायकांत फक्त सिद्धटेकचा.

पण वाईटही घडलंय, तेही तुला माहीत असू दे. डावखुऱ्या मुलांना शाळेत पट्टीने हातावर मारून उजव्या हाताने लिहायला लावायचे, घरातपण दटावायचे, आणि ते मला अजिबात पटत नाही. हात असा मारून बदलत नसतो, पोरगं नुसतं घाबरतं. सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्या हाताने करायचा पण लिहितो डाव्या हाताने, हे आजीला सांग, तिला सचिन फार आवडतो.

तर माझं म्हणणं असं: प्रसाद, तीर्थ, मोठ्यांना काही देणं, यात उजवा हात पुढे कर आणि खालून डावा लाव. एवढं आजीसाठी कर, तिला बरं वाटतं आणि तुझं काही जात नाही. लिहिणं, चित्रं, कात्री, सगळं डाव्याने कर, कोणी काही म्हटलं तर माझ्याकडे पाठव. जेवताना पोळी ज्या हाताने तोडता येईल त्या हाताने तोड, आजीशी मी बोलतो. आणि फुटबॉलमध्ये तर तुझ्या डाव्या पायाला कोणी हात लावायचा नाही, कोच उजव्याचा सराव घेतोय तो दोन्ही पाय तयार व्हावेत म्हणून, तो मात्र मनापासून कर.

रविवारी आपण बर्लिनची ती मॅच पूर्ण बघू. पहिली ५५ मिनिटं कंटाळून पुढे ढकलायची नाहीत हं, चार गोल खाल्लेले नीट बघितले तरच किमचा तो पास कळेल.

तुझा,
बाबा