निरीक्षणगृहातून घरी आलेल्या मुलाला आधार कसा द्यायचा?

शेजारचा १७ वर्षांचा मुलगा चोरीच्या प्रकरणात निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात तिथे) राहून आलाय, त्याच्यासाठी काय करू, असं विचारलंत. आधी त्याच्या परिविक्षा अधिकाऱ्यांना (अशा मुलांवर देखरेख ठेवणारे प्रोबेशन ऑफिसर) भेटा, त्याचं प्रकरण हाताळणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या अटी कळतील. मग ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मुलाकडे जात राहा. खाडा अजिबात नको; उपदेशापेक्षा हे कितीतरी मोलाचं. दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) भरताना सोबत बसा. शाळेचा दाखला शोधण्यातच अर्धा दम जातो, आणि पोरं तिथेच सोडून देतात. नोकरीची धास्ती असेल तर सांगा: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार बालपणीच्या गुन्ह्यामुळे अपात्रता येत नाही. फक्त १६ वर्षांवरील, प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्यांना हे संरक्षण नाही.