‘सी’ म्हणजे कॉमन नव्हे

प्रश्न असा : पाश्चात्त्य स्वरलिपीत ४/४ ऐवजी जो ‘सी’ लिहितात तो ‘कॉमन टाइम’चाच ना? आणि मराठीत त्याला केहरवा म्हटलं तर चालेल का?

दुसरं आधी उरकतो. केहरवा हा ठेका, त्याला ठरलेले बोल आहेत. ४/४ नुसता हिशेब सांगतं : एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या खंडात, चार क्रॉचेट (क्रॉचेट म्हणजे इथे एका मात्रेचा स्वर). तेव्हा केहरवा म्हणून चालणार नाही.

आता तो ‘सी’. कीबोर्डच्या क्लासांत ‘सी फॉर कॉमन’ असं घोकून घेतात, आणि छापील पुस्तकंही तेच गिरवतात. अहो, ते अक्षरच नव्हे! ते मोडलेलं वर्तुळ आहे. चौदाव्या शतकातल्या फ्रेंच पद्धतीत ब्रेव्ह या स्वराची लांबी दाखवणाऱ्या चिन्हाचे तीन भाग पडले की पूर्ण वर्तुळ, दोन पडले की अर्धं. तीन ते परिपूर्ण, दोन ते अपूर्ण. आज ज्याला सर्वांत साधा म्हणतो, तो काळ त्या लोकांच्या लेखी अधुरा होता.

तीनच परिपूर्ण का? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणून, असं जो तो सांगतो. मला हे पटत नाही. कोलोनचा फ्रँको हा संगीतशास्त्रकार त्रैक्याचा दाखला देतो तो १२८०च्या सुमारास. पॅरिसच्या नोत्रदाम चर्चच्या गायकीतले सहाही लयबंध त्याच्या कितीतरी आधीपासून तीनाच्या हिशेबात चालत होते. गळ्यात तीन आधी बसला, धर्मशास्त्र मागून आलं. विद्वानांनी नाकं मुरडली तरी माझं मत हेच.

आणि ‘सी’ आद्याक्षर असेल तर इटालियनांचं काय? ते याला ‘तेम्पो ऑर्दिनारिओ’ म्हणतात. त्यांनी मग ‘ओ’ लिहायला हवा होता, आणि ‘ओ’सारखं दिसणारं पूर्ण वर्तुळ तर तीनाचं!

त्याच ‘सी’तून उभी रेघ गेली की ‘कट कॉमन’ म्हणतात, तेही कानाला खुपतं. अल्ला ब्रेव्हे म्हणा, म्हणजे ‘ब्रेव्हच्या हिशेबानं’. ब्रेव्ह म्हणजे खरं तर आखूड, पण आजच्या हिशेबात ते आठ क्रॉचेटइतकं लांब. मिनिम म्हणजे सर्वांत लहान, आणि ते आज दोन क्रॉचेटचं. पोर्तुगीजांनी तर कमाल केली : क्रॉचेटला ते ‘सेमीनिमा’ म्हणतात, म्हणजे सर्वांत लहानाच्याही निम्मं!