आधी काकांना विचार, मग सांग

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बारावी सायन्सला आहे. हवामान बदलाबद्दल गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिते. लोक ऐकत नाहीत, भांडणंच होतात. बाबा म्हणतात, हे सोड नि सीईटीचा अभ्यास कर. यात करिअर होतं का?

उत्तर : होतं, आणि त्याची वाट सीईटीतूनच जाते.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट नीट वाचला. एका काकांनी लिहिलं, "आमच्या आज्याच्या वक्तीबी दुष्काळ पडेच ना." तुझं उत्तर, "अभ्यास नसेल तर बोलू नये." माहिती तुझीच बरोबर होती. पृथ्वी माणसामुळे तापली यात शंका नाही, असं आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, २०२१ चा अहवाल स्पष्ट सांगतो. ते मवाळ करून सांगायची काहीच गरज नाही. पण तुझ्या त्या एका ओळीनंतरचे सगळे मेसेज बघ : हवामान बाजूला राहिलं आणि काकांचा मानापमान सुरू झाला.

तिथे विचारायचं होतंस, "काका, तेव्हा झड किती दिवस लागायची?" मग बहुतेक त्यांनीच झडीचं सांगितलं असतं, आणि आता एका रात्रीत शेत खरडून नेणाऱ्या पावसाचं नि त्यानंतरच्या लांबलचक उघाडीचंही. त्यावर तुझं विज्ञान : हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो. दुष्काळ पूर्वीही पडायचे, हे मात्र मोकळेपणाने मान्य कर. काकांना पटेलच असं नाही. पण ग्रुपवर गुपचूप वाचणारे खूप असतात, आणि कपाशी त्यांच्याही शेतात आहे.

आपल्या गाडगेबाबांचं कीर्तन असंच चालायचं. वऱ्हाडीत प्रश्न विचारत, उत्तर लोकांच्याच तोंडून काढत.

आता प्रवेशाचं. बी.एस्सी. कृषी चार वर्षांचं, एमएचटी-सीईटीतून. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तुला सोयीचं. पुढे एम.एस्सी.ला कृषी विस्तार घे. संशोधन शेतकऱ्यापर्यंत कसं पोचवायचं, हाच तो विषय. हवामानाचा कृषी सल्ला शेतकऱ्याला वाचावासा वाटेल असा लिहिणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत, हे मला मनापासून खटकतं. पत्रकारिता पदवीनंतरही करता येते. त्यासाठी आत्ता विज्ञान सोडू नकोस.

सीईटी होईपर्यंत ग्रुपवर आठवड्यातून एकदाच लिही. बाबांनाही तसं सांग.