बदलापूर लोकलमधले तीन तास

प्रश्न : लग्नानंतर दादरहून बदलापूरला राहायला आले. नोकरी फोर्टमध्ये. रोज जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात. घरी पोचेपर्यंत आठ वाजून गेलेले असतात आणि रविवारी मी माहेरी पळते. दोन वर्षं झाली, इथे राहते असं वाटतच नाही. घर विकून परत शहराजवळ जावं का?
– एक वाचक, बदलापूर पूर्व

उत्तर : घर विकायचं की नाही, तो हिशेब तुम्ही दोघांनी बसून करा. मी २६ वर्षं बदलापूर-सीएसएमटी केलंय, त्यामुळे ‘एवढं काय त्यात’ असं तुला कधीच म्हणणार नाही. सुमारे ६८ किलोमीटर अंतर आहे. जलद गाडीलाही सव्वा तासाच्या वर लागतो, आणि सकाळची एक गाडी चुकली की अख्खा दिवस विस्कटतो.

तुझी गाडी ठरलेली आहे का गं? पत्रावरून वाटतं, मिळेल ती पकडतेस. तसं करू नकोस. बदलापूरहूनच सुटणारी एक गाडी धर, डबाही एकच, शक्यतो दारसुद्धा एकच. पंधरा दिवसांत चेहरे ओळखीचे होतात. मग कुणीतरी ‘ये, सरकते’ म्हणून तिघींच्या बाकावर चौथी सीट देतं. आमच्या डब्यात मेथी निवडून व्हायची, दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या माळा लागायच्या. एका मैत्रिणीनं मला विणकाम शिकवलं, कुर्ल्यापर्यंत रोज तीन ओळी. माझ्या मुलीचा पहिला स्वेटर असाच गाडीत झाला, लिंबोणी रंगाचा, एक बाही किंचित लांब. सासूबाई गेल्या तेव्हा डब्यातल्या नऊजणी घरी आल्या होत्या. त्यातल्या दोघींनी चहाचं पातेलं न सांगता हातात घेतलं.

संध्याकाळी बदलापूर गाडी मिळत असेल तर कर्जतच्या गाडीत चढू नकोस. पुढच्यांना तेवढीच असते. आणि कितीही उशीर झाला तरी दारात लटकू नकोस. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडून गेली, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गाडी सोड, घरी फोन कर, पुढचीने ये.

आता रविवारचं. महिन्यातले दोन रविवार दादरला जाऊच नकोस. आई रागावेल, रागावू दे. सकाळी लवकर उठून दोघं मुळगावच्या खंडोबाला चढून या. थंडीत वरून उल्हास नदीवरचं धुकं दिसतं. पावसाळ्यात कोंडेश्वरचा धबधबाही सुंदर असतो, पण पाण्यात उतरायचं नाही, लांबूनच बघायचं.

आणि जूनमध्ये स्टेशनबाहेर जांभळं घेऊन बसलेल्या बायकांकडे थांब. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आम्हाला ती चव आधीपासून ठाऊक होती. पानांच्या द्रोणात देतात, वर पाण्याचे थेंब असतात, साल ताणलेली. एक तिथेच तोंडात टाक. माझी मावशी म्हणते, ‘अगं, जीभ दाखव,’ आणि मीही अजून दाखवते.

यंदा माहेरच्यांनाच जांभळं खायला बोलाव. दादरहून दुपारची गाडी सांग त्यांना, बसायला मिळेल.