आजोबांच्या जुन्या लेन्सने घरच्या बागेतल्या फुलपाखरांचे फोटो निघतील का, की मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) घ्यावीच लागेल?

निघतील हो, मॅक्रोचे पैसे सध्या वाचवा. कॅमेरा मिररलेस आहे आणि लेन्स ५० एमएमची, मागे आटे असलेली म्हणताय, म्हणजे बहुतेक एम४२ या जुन्या आट्यांच्या जोडणीची, तर ती कॅमेऱ्याला जोडणारं एक अ‍ॅडॉप्टर आणि तीन एक्स्टेन्शन ट्यूबचा साधा सेट घ्या, बस. ट्यूबमध्ये काच नसते, ती नुसती लेन्सला सेन्सरपासून लांब नेते म्हणून जवळचं फोकस होतं. हिशोब सोपा, ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ (तुमची ५०), म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्याच्या किती पट पडते ते. सेटमध्ये बहुतेक ७, १४ अन् २८ एमएमच्या असतात, १४ ची लावली तर पाव पटीच्या थोडं वर, फुलपाखराला तेवढं पुरतं. तिन्ही लावल्या की जवळपास १:१, म्हणजे खऱ्याएवढं, ते मुंग्या-माश्यांसाठी.

जुन्या लेन्सची खरी मजा अ‍ॅपर्चर रिंगमध्ये, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करणाऱ्या कड्यात आहे. आजकालच्या बऱ्याच लेन्सना रिंगच नसते, साध्या ट्यूबवर लावल्या की अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही, हिचं बोटाने फिरवा झालं. फक्त लेन्सवर ए/एम बटन असेल तर एमवर करा, नाहीतर रिंग फिरत राहील, पाती उघडीच राहतील, आणि तुम्ही म्हणाल लेन्स बिघडली. कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नाही, म्हणून मेनूत 'लेन्सशिवाय शटर' पण ऑन करा.

ऑटोफोकस नाही म्हणून घाबरू नका. एवढ्या जवळून फोकसची रिंग एका जागी ठेवायची आणि आपणच हळूच पुढेमागे डोलायचं, पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) फुलपाखराच्या डोळ्यावर चमकलं की धडाधड तीन-चार फोटो. अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास ठेवा आणि मिटलेले पंख सेन्सरला समांतर येऊ द्या, तिरपे आले तर अर्धं फुलपाखरू धूसर.

आता आपल्या नागपूरचं, तर मे महिन्यात ४५ डिग्रीत माणूसच बाहेर निघत नाही राजेहो, पाऊस पडला की सुरू करा. सकाळी ऊन चढायच्या आत जा, तेव्हा ती अंग तापवायला पंख पसरून बसतात, लवकर उडत नाहीत. गोडनिंबावर (कढीपत्त्यावर) लाईम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं अंडी घालायला येतात. संत्र्याचं झाड असेल तर ब्लू मॉरमॉनवर पण लक्ष ठेवा, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे ते. आणि कुंपणाजवळची रुई कचरा समजून उपटू नका, प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तीच खातात.

अ‍ॅडॉप्टर मागवायच्या आधी लेन्समधून टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, आधी साफ करून घ्या.